शिवणीची मूठ

मी नेमबाजी सुरू केली ती छत्तिसाव्या वर्षी, आणि तीही लेकीची वाट बघता बघता. लेक नेरूळला पोहायला शिकत होती. तिचा तास संपेपर्यंत बाकीच्या आया बाकावर बसून मोबाईल बघायच्या. मी एके दिवशी कंटाळून शेजारच्या इमारतीत शिरले. लांबट खोली, दहा मीटरवर कागदी लक्ष्यं, आणि एक मुलगी एका हाताने पिस्तूल धरून इतकी स्तब्ध उभी होती, की मला वाटलं ती श्वासच घेत नाहीये. मग 'ठक्' असा आवाज झाला. फार मोठा नाही, स्टीलचा डबा घट्ट लावताना होतो तेवढाच. मला त्या मुलीचं ते उभं राहणंच हवंहवंसं वाटलं. माझ्या दिवसात तेवढं स्थिर काहीच नव्हतं.

तिथल्या प्रशिक्षक माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई. "बघता काय ताई, ट्राय करा की," त्या म्हणाल्या, आणि मी केलं. दोन वर्षांत क्लबच्या पिस्तुलावर बऱ्यापैकी मारायला लागले. मग पनवेलच्या एका नेमबाजाने खेळ सोडला आणि त्याचं परदेशी बनावटीचं पिस्तूल मी विकत घेतलं. दाबलेल्या हवेवर चालणारं, साडेचार मिलिमीटरचे शिशाचे छर्रे उडवणारं. पिस्तूल उत्तम होतं. पण त्याची लाकडी मूठ त्या माणसाच्या हातासाठी होती, आणि तो माणूस सहा फुटी होता.

घरी आणलं त्या दिवशी सासऱ्यांनी खोक्याकडे बघून विचारलं, "कोनाला मारायचाय?"

"कागदाला, बाबा," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. गॅलरीतल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

सासरे खाडीकाठच्या गावातले होडीचे मेस्त्री. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी होड्या बांधल्या. नंतर फायबरच्या होड्या आल्या, खाडीत जाणारी माणसं नोकरीला लागली, आणि त्यांच्याकडे कुणी काम घेऊन येईना. आमच्या जुन्या जमिनीवर आता चार मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. त्यांची हत्यारं माळ्यावर, तेल लावून, गोणपाटात बांधलेली. मी सानपाड्याची, कारकुनाची मुलगी, त्यांच्या मुलाने आपल्या पसंतीने आणलेली. लग्नाला त्यांनी 'नाय' म्हटलं नव्हतं, पण 'हो' म्हणालेलंही मला कुणी सांगितलं नाही. अकरा वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "जेवन झाला?" आणि "हो, बाबा, तुमचं?" एवढंच. भांडण नव्हतं. फक्त बोलण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

नव्या पिस्तुलावर माझे गुण वाढायच्या ऐवजी घसरले. हात मुठीत नीट बसत नसला की दर वेळी ती केसभर वेगळी धरली जाते, आणि हातातला केसभर फरक दहा मीटरवर बोटभर होतो. माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायचं. लहान मापाची मूठ मागवायला गेले, तर ती परदेशातून येणार, कधी ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. सुतार पोकळ जागा बुजवायला वापरतात ती लांबी आणून भरून पाहिली. उन्हाळ्यात हात घामेजला की सगळं निसटायचं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते मी करायला घेतलं. छर्रे.

मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. वजन करणं हीच माझी सोळा वर्षांची नोकरी. कोपऱ्यात एक जुना तराजू होता, काचेच्या पेटीतला, ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा. नवा आल्यापासून त्याला कुणी हात लावत नव्हतं. साहेबांना विचारलं, "जेवणाच्या सुट्टीत वापरू का?"

"कशासाठी?"

"छर्रे निवडायचेत."

त्यांनी चष्मा वर केला. "स्पर्धेला जाणार आहात?"

"जायचंय."

"मग वापरा. पण शिसं आहे ते. ट्रे वेगळा ठेवा, हातमोजे घाला."

हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती, पण बरं वाटलं. मी पंधरा मिनिटांत डबा संपवायचे आणि उरलेल्या वेळात एकेक छर्रा चिमट्याने पारड्यात ठेवायचे. एका डबीत पाचशे. प्रत्येक जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. सारखे दिसणारे ते पाचशे छर्रे सारखे मुळीच नव्हते. मी त्यांचे चार गट केले, चार डब्यांवर पट्ट्या चिकटवल्या. मधल्या वजनाचे स्पर्धेसाठी, बाकीचे सरावासाठी.

मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? दहा मीटरवर एवढ्याने काही बिघडत नाही. तुमचा प्रॉब्लेम हातात आहे."

"माहितीये," मी म्हटलं. "पण तिथे उभी राहिल्यावर 'छर्रा खराब असेल का' असं तरी मनात यायला नको."

त्यांनी एक डबा उचलून पट्टी वाचली. "माझ्यासाठीपण एक डबी करून द्याल?"

वजन झाल्यावर दुसरी तपासणी मी रविवारी घरी करायचे. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर जुन्या फोटोफ्रेमची काच, एका टोकाखाली पुठ्ठा घालून किंचित उतरती केलेली. छर्रा एका बाजूने निमुळता असतो, म्हणून तो काचेवरून सरळ न जाता गोल वळण घेत घरंगळतो. चांगले छर्रे सगळे एकाच वळणाने जातात. ज्याची मागची कड दबली असेल तो अडखळतो, भलतीकडे जातो.

अशाच एका रविवारी सासरे गॅलरीतून उठून आले आणि माझ्यामागे उभे राहिले. दहा-बारा छर्रे घरंगळताना त्यांनी बघितले. तेराव्याला म्हणाले, "यो वाकरा हाय."

मी तो उचलून भिंगाखाली धरला. कड दबलेली होती.

"यो पन."

तोही होता. अर्धा तास ते उभे होते. माझ्या आधी त्यांना दिसत होतं. शेवटचा छर्रा बाजूला काढून मी हात साबणाने धुवून आले, तर ते तिथेच होते. म्हणाले, "हात दाव."

मी हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता उलटसुलट करायला लावला. मग टेबलावरचं पिस्तूल दाखवत विचारलं, "यो हात बाईचा. न् यो लाकूर बाप्याचा. कसा बसल?"

"नाहीच बसत, बाबा."

"मंग बोलली का नाय?"

घरात लाकडाचा मेस्त्री बसलेला असताना मी परदेशातल्या मुठीची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले, तर माळ्यावरचं गोणपाट खाली उतरलेलं. गावातल्या गणपतीच्या कारखान्यातून त्यांनी शाडूचा गोळा आणला होता. मला मूठ काढायला लावली, उघड्या लोखंडाभोवती शाडू थापला आणि म्हणाले, "उबी रा, तिथं रयतंस तशी. आता पकर. जोर नको देऊस."

मी हॉलमध्ये टीव्हीसमोर हात लांब करून उभी राहिले. नवरा दारातून आत आला आणि बूट न काढताच बघत बसला. सासऱ्यांनी शाडूत उमटलेली माझी बोटं बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाले, "करंगली कामाला लागतच नाय तुझी. निस्ती लोंबतंय." दोन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

लाकूड त्यांच्याकडे होतं. शिवणीच्या झाडाचा एक तुकडा, कित्येक वर्षं माळ्यावर वाळत पडलेला. "हलका हाय, न् वलत नाय," ते म्हणाले. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, आमच्या स्कूटरशेजारी, त्यांनी एक जुनं स्टूल उलटं करून त्यावर काम मांडलं. मी साडेसहाला यायचे ती वर न जाता थेट तिथेच. ते माझ्या तळहाताला काजळ लावायचे आणि मूठ धरायला सांगायचे. सोडली की लाकडावर जिथे जिथे हात जास्त टेकत असेल तिथे काळे डाग उमटलेले. तेवढंच ते कानशीने उतरवायचे. पुन्हा काजळ, पुन्हा डाग. पहिल्या दिवशी तीन मोठे डाग होते. हळूहळू ते पसरत, फिके होत गेले. शेवटी संपूर्ण तळहात सारखा, पातळ उमटायला लागला. याला एकवीस संध्याकाळी लागल्या.

त्या एकवीस संध्याकाळींत आम्ही अकरा वर्षांपेक्षा जास्त बोललो. होडीची फळी वाकवायला खालून जाळ कसा देतात, भरतीची वेळ चुकली की काय होतं, हे त्यांनी सांगितलं. मी त्यांना श्वास अर्धा सोडून थांबायचं असतं ते सांगितलं. एकदा त्यांनी विचारलं, "तिथं उबी रयतंस तवा काय विचार करतंस?"

"करायचाच नसतो, बाबा. तेच अवघड आहे."

त्यांनी मान डोलावली. "होरी पान्यात सोरताना पन तसाच. सगला करून झालेला असतं. मंग निस्ता हात सोरायचा."

मूठ तयार झाली तेव्हा मी ती घेऊन रेंजवर गेले, आणि ते माझ्याबरोबर आले. मॅडमनी त्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन दिले. मी वीस छर्रे मारले. कागदावर भोकं एकमेकांना चिकटून होती, पण सगळी डावीकडे.

"मूठ मस्तय," मॅडम म्हणाल्या, "पण हे डावीकडे का जातंय?"

सासरे उठले, हेडफोन काढले आणि माझ्याशी बोलावं तसं मॅडमशी बोलले. "अंगठा भांरतंय तिचा. बोट मागं येतं, तवा अंगठा रेटतंय."

मॅडमनी मला दोन छर्रे पुन्हा मारायला लावले आणि या वेळी फक्त अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "काका, बरोबर आहे तुमचं." घरी येऊन सासऱ्यांनी अंगठ्याखालचं लाकूड खोलगट केलं, म्हणजे अंगठ्याला रेटायला काही उरलं नाही. पुढच्या महिन्यात माझे गुण क्लबच्या पिस्तुलापेक्षाही वर गेले.

एक अडचण होती. स्पर्धेत पिस्तूल तपासून घ्यावं लागतं. ठरलेल्या मापाच्या पेटीत ते आख्खं बसलं पाहिजे: बेचाळीस सेंटीमीटर लांब, वीस उंच, पाच रुंद. मॅडमनी नियमांचं पान दाखवलं. सासऱ्यांनी मापं एका कागदावर उतरून घेतली आणि प्लायवूडची तशीच पेटी बनवली. मुठीसकट पिस्तूल तिच्यात अलगद बसायचं. ट्रिगरचं माझ्याकडे होतं. तो किमान पाचशे ग्रॅम वजन पेलून धरू शकला पाहिजे. मी प्रयोगशाळेतल्या वजनांनी तो पाचशे दहावर लावला, चार वेगवेगळ्या दिवशी तपासला. नळी कापडी बोळ्याने साफ केली, हवेचा सिलिंडर भरला, निवडलेले छर्रे खाचांच्या डबीत एकेक करून लावले. राज्य स्पर्धेसाठी पुण्याला निघायच्या आदल्या आठवड्यात माझी इतकी तयारी झाली होती की मला करायला काही उरलं नव्हतं.

आणि म्हणूनच मी चूक केली. निघायच्या दोन दिवस आधी सराव करताना घामाने हात बाहेरच्या बाजूला किंचित सरकल्यासारखा वाटला. घरी आल्यावर तळहात टेकायला मुठीला खालून जी लाकडी फळी असते, तिच्या कडेला मी लांबीची बारीक कड बसवली, सुकल्यावर घासली. हात सरकायचा थांबला. पेटी खाली पार्किंगमध्ये होती. जाऊन बघायचा मला कंटाळा आला, आणि सासऱ्यांना सांगायचं राहून गेलं.

पुण्याला नवरा गाडी चालवत होता. सासरे आपण होऊन म्हणाले होते, "मी येतंय." मागच्या सीटवर मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते.

तपासणीच्या टेबलावर एक बाई होत्या. ट्रिगरला वजन लावलं, पास. मग त्यांनी पिस्तूल पेटीत ठेवलं आणि ते वरच अडकलं. त्यांनी उलटसुलट करून पुन्हा ठेवून पाहिलं.

"नाही जात मॅडम. रुंदीला जास्त आहे."

"घरी बसत होतं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला ती कड आठवली.

"दुरुस्त करून आणा. तुमच्या फेरीला पन्नास मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर सासरे बसले होते. मी पिस्तूल त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ई तू लावलीस?"

"हो. हात सरकत होता. चुकलं माझं, बाबा. काढून टाका."

त्यांनी मूठ सोडवून घेतली, पिशवीतून कानस काढली. मला वाटलं, आता कड जाणार. पण त्यांनी मूठ उलटी केली. डाव्या बाजूला, अंगठ्याच्या वर, त्यांनी एक लहानसं चिन्ह उठावात कोरलं होतं. दोन लाटा आणि वर एक ठिपका. बांधलेल्या प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ते हेच चिन्ह कोरायचे, असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. त्यांनी कानस त्या चिन्हावर ठेवली.

"बाबा, ते नको. माझी कड काढा."

"कड कशाला कारू? हात सरकत होता म्हनून लावलीस ना? कारली तर परत सरकल." ते बोलता बोलता घासत होते. "बरोबर लावलीस. निस्ता सांगाला होवा."

चिन्ह आठ-दहा फटक्यांत गेलं. मग माझ्या कडेने जेवढी रुंदी वाढली होती तेवढं त्याखालचं लाकूडही त्यांनी उतरवलं, काचपेपर फिरवला, दोन बोटांनी जाडी पाहिली. त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. मूठ परत बसवून मी आत नेली. त्या बाईंनी पेटीत ठेवलं. पिस्तूल तळाला टेकलं. त्यांनी स्टिकर लावला आणि प्रथमच हसल्या.

फेरीत साठ छर्रे मारायचे असतात, सव्वा तासात. पहिल्या दहांत माझं मन पायऱ्यांवरच होतं; दोन छर्रे दहाऐवजी आठ गुणांवर गेले. मग मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, डोळे मिटून उभी राहिले आणि पुन्हा उचललं तेव्हा हाताला ती नुकतीच घासलेली, अजून खरखरीत असलेली बाजू लागली. त्यानंतर मी काही विचार केल्याचं मला आठवत नाही. शेवटचा छर्रा मारून वळले तेव्हा घड्याळात सहा मिनिटं शिल्लक होती.

सहाशेपैकी पाचशे एकोणपन्नास. पदकाच्या जवळपासही नव्हते. पण पुढच्या, मोठ्या स्पर्धेत जायला जेवढे लागतात त्यापेक्षा चार जास्त. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, माझ्या हाताने निवडलेले छर्रे आणि माझ्या घरात बनलेली मूठ घेऊन मी ते केलं होतं. हे वाक्य मी परतीच्या वाटेवर मनात कितीदा तरी म्हटलं. सासरे प्रेक्षकांच्या जागेवर उभे होते. मी आकडा सांगितला. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं, पण माझ्या चेहऱ्यावरचं कळलं. नवऱ्याला म्हणाले, "बग, माजी सून." अकरा वर्षांत मी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी तो मला उद्देशून म्हटला नाही, माझ्यासमोर दुसऱ्याला सांगितला. मला ते जास्त आवडलं.

मॅडमनी क्लबात सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात उलव्याहून एक बाई आल्या, बसमध्ये कंडक्टर आहेत, त्यांचे हात माझ्यापेक्षाही लहान. मग जुईनगरची एक कॉलेजची मुलगी, आणि तिच्या मागून तिची मैत्रीण. आता पार्किंगमध्ये उलट्या स्टुलाऐवजी एक खरं बाक आहे. भुसा उडतो म्हणून सोसायटीने एकदा तक्रार केली, तेव्हा नवरा मीटिंगला जाऊन भांडून आला.

शनिवारी सासरे पिशवी घेऊन रिक्षाने रेंजवर येतात. दारावरचा वॉचमन उठून उभा राहतो आणि आत आवाज देतो, "मेस्त्री आले!" गावात त्यांना असं म्हणणारी शेवटची माणसं पंधरा वर्षांपूर्वी संपली होती. मी लाईनवर असले तर वळून बघत नाही. पिस्तूल खाली ठेवते, डबीतला पुढचा छर्रा हातात घेते, आणि त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या मागे खुर्चीपाशी थांबेपर्यंत तशीच उभी राहते.